खायचे दात

गवताची काडी त्याने एका टोकाकडून तोंडात घेतली. जबडा हलू लागला, नेहमीसारखाच भरभर. मिशा हलल्या, कान हलले, गालही हलले. मग तोंड थांबलं आणि काडी खाली पडली. मी ती उचलून उजेडात धरली. टोक ओलं झालं होतं, थोडं चुरगळलं होतं, पण लांबीला काडी होती तेवढीच होती.

मी दुसरी काडी पुढे केली. तीही त्याने लगेच घेतली, तितक्याच उत्साहाने चघळली आणि तशीच टाकली.

"कसली तपासणी चाललीय आमच्या हेडमास्तरांची?" सासूबाई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"आई, हा चावतोय, पण खात नाहीये."

"नखरे आहेत. हेडमास्तर कधी पोरांसमोर डबा उघडतात का? तू ऊठ तिथून, मग खाईल."

हेडमास्तर म्हणजे आमच्या घरातला गिनी पिग. अंगाने तांबूस, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके. माझ्या मुलीने त्याला आणलं तेव्हा काहीतरी ऐटबाज नाव ठेवलं होतं, ते आठवडाभरही टिकलं नाही. सासूबाईंनी जन्मभर पहिलीच्या वर्गाला अक्षरं शिकवली होती. त्यांनी पिंजऱ्यात एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोट पुढे, मिशा पांढऱ्या, काम काही नाही आणि शिट्टी केवढी मोठी. हा तर आमचा हेडमास्तर." शिट्टी खरोखरच मोठी होती. फ्रिजचं दार उघडलं की तो जाळीला पुढचे पाय टेकून उभा राहायचा आणि अशी शिट्टी मारायचा की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "कुकर लावलात का?" सासूबाई म्हणायच्या, "घंटा झाली."

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. जाताना तिने पिंजऱ्याची किल्ली आजीच्या हातात दिली, आमच्या नाही. "आजी, ह्याला तू सांभाळ. आईबाबांच्या भरवशावर सोडू नकोस." त्यात राग मानण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघं दिवसभर बाहेर असतो. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. मी दात बनवते.

म्हणजे कवळ्या. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात. त्यावरून आम्ही प्लास्टरचे जबडे ओततो, मेणात एकेक दात लावतो आणि वरचा जबडा खालच्यावर नीट बसतो की नाही ते पाहतो. आमच्या गल्लीत मला माझ्या नावाने कुणी ओळखत नाही. दातवाली म्हटलं की बोट आमच्या दाराकडे जातं.

त्या दिवशी नवरा हेच म्हणाला. "अगं, घरात दातवाली असताना काडी काय बघतेस? दात बघ की."

मी हेडमास्तरला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि ओठ वर केला. पुढचे दात पाहिले, वरचे दोन आणि खालचे दोन. सरळ, पांढरे, एकमेकांवर नेमके बसणारे. मी स्वतः लावले असते तरी याहून चांगले लागले नसते.

"दात उत्तम आहेत," मी म्हणाले.

"झालं तर मग. तो काय हत्ती आहे, दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे असायला?"

आम्ही हसलो. सासूबाई मात्र कोथिंबिरीच्या काड्या गोळा करत राहिल्या. एरवी असा विनोद त्यांनी सोडला नसता.

तरी मी त्याचं वजन केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडगं ठेवलं, वाडग्यात त्याला बसवलं. चिमणी असताना जेवढं होतं, तेवढंच भरलं. वजन तेच, म्हणजे खाणं पोटात जातं आहे, असा निष्कर्ष मी काढला. त्यात चूक काहीच नव्हती. खाणं पोटात जातच होतं. ते त्याने स्वतः चावलेलं होतं का, हे काटा सांगत नाही, आणि मी विचारलं नाही.

बाकीच्या खुणाही समोर होत्या. हनुवटीखालचे केस ओले असत, मी पाण्याच्या नळीला दोष दिला. शिट्टी आखूड झाली होती, ते वयामुळे असेल असं वाटलं. त्याच्या लेंड्या बारीक आणि टोकदार झाल्या होत्या, पण त्या मी पाहिल्याच नाहीत, कारण पिंजरा सासूबाई झाडायच्या, तोही आम्ही उठायच्या आधी. सकाळी आम्ही चहाला यायचो तेव्हा खाली स्वच्छ कागद आणि वर ताज्या गवताचा ढीग असायचा. वर्गात तपासनीस यायच्या आधी असावा तसा.

मध्येच सासूबाईंच्या हातून कवळी बेसिनमध्ये पडली आणि कडेचा एक टवका उडाला.

"राहू दे गं, एवढ्याशासाठी काय नेतेस," त्या तोंडावर पदर धरून म्हणाल्या. कवळीशिवाय त्या कुणालाच तोंड दाखवत नसत, मुलालासुद्धा. "मला काही टोचत नाही."

"कड धारदार झालीय. जीभ कापेल. संध्याकाळी आणून देते."

ती कवळी मीच केली होती. चिमणी शाळेत होती तेव्हा. रंग निवडताना सासूबाईंनी मला बजावलं होतं, "फार पांढरे नकोत. लोक म्हणतील म्हातारीला टूथपेस्टच्या जाहिरातीत घेतलंय." लावल्या दिवशी त्यांनी आरशात पाहिलं होतं आणि वर्गात म्हणावं तसं मोठ्याने म्हटलं होतं, "त थ द ध न." दाताला जीभ टेकल्याशिवाय ही अक्षरं निघत नाहीत. पाचही खणखणीत निघाली. मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. आमच्यात शब्दाने कौतुक करायची पद्धत नाही, त्यामुळे ती थाप माझ्या लक्षात आहे.

कारखान्यात मी कवळी दिव्याखाली धरली. आमच्याकडे पॉलिशच्या मोटरवर एक जुने कारागीर बसतात, त्यांना सगळे काका म्हणतात. ते माझ्या खांद्यावरून वाकले.

"नवीन का? कुणाची?"

"नवीन नाही. सासूबाईंची आहे. कितीतरी वर्षं वापरतायत."

"थट्टा करतेस? दाढा बघ. शोकेसमध्ये ठेवली होती की काय?"

मी पाहिलं. माणूस खातो तेव्हा कवळीच्या दाढा झिजतात. उंचवटे सपाट होतात, चकचकीत चट्टे पडतात. कोण कुठल्या बाजूने चावतं, तेसुद्धा आम्ही त्यावरून सांगतो. पुढचे दात चहाने तांबूस झाले होते. पण दाढांचे उंचवटे जसेच्या तसे टोकदार होते. खोबणीत माझ्याच हत्याराची बारीक रेघ अजून दिसत होती.

त्या कवळीने कुणी काही खाल्लेलं नव्हतं.

दुपारीच वीज गेली. मोटरी थांबल्या, काकांनी डबा उघडला, मी कवळी रुमालात बांधून घरी निघाले. आमच्या दाराला बाहेरून किल्ली लागते. मी नेहमीसारखी हळू आत गेले. चोरून जायचं म्हणून नाही, आवाज करायची मला सवयच नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर टॉवेल, टॉवेलात हेडमास्तर. शेजारी वाडग्यात उकडून कुस्करलेलं गाजर. एक चमचा त्या स्वतः घेत होत्या, मग दुसऱ्या, लहान चमच्याच्या टोकावर थोडंसं घेऊन त्याच्या तोंडाच्या कडेला लावत होत्या. तो ते जिभेने ओढायचा. मग त्या दोघांची तोंडं एकाच चालीने हलायची.

"आता ह्या बाजूने," त्या त्याला सांगत होत्या. शब्द ओले आणि पुसट येत होते. "तिकडे दुखतं ना? मग ह्या बाजूने. मला माहीत आहे रे बाबा."

मी पिशवी आणि रुमालात बांधलेली कवळी खाली ठेवली. त्यांनी दचकून पदर तोंडाला लावला.

"आत्ता कशी तू?"

"वीज गेली." मी समोर बसले. "आई, कधीपासून?"

त्यांनी चमचा वाडग्यात ठेवला. मग पदर खाली आला. मी त्यांचं उघडं तोंड पहिल्यांदाच पाहत होते. हिरड्या पार बसल्या होत्या. इतक्या आक्रसलेल्या हिरड्यांवर ती जुनी कवळी टेकणंच शक्य नव्हतं. ती नुसती ओठांनी धरून ठेवत असणार.

"माझं की ह्याचं?" त्यांनी विचारलं.

"दोघांचं."

"माझं बरंच आधीपासून. ह्याचं चिमणी गेल्यानंतर. गवत तोंडात घेई आणि टाकून देई. अगदी मी तुमच्यासमोर जेवायला बसते तशीच तऱ्हा. मी लगेच ओळखलं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? तू एवढे नेटाने करून दिलेस, आणि तुला सांगू की टोचतंय?" त्या हसल्या, तोंड आत ओढलं गेलं. "बोलायला लागतात तेवढे घालते. त थ द ध न तुझ्या डबीत ठेवलेत, एरवी उरलेल्या अक्षरांवर भागवते."

"आणि ह्याचं?"

"त्याचं सांगितलं असतं तर तू त्याला दुरुस्तीला नेलं असतंस." त्यांनी रुमालातल्या कवळीकडे मान हलवली. "तुझी दुरुस्ती काय असते, ते मी तोंडात घेऊन बसलेय ना इतकी वर्षं."

टोमणा होता, आणि खराही होता. मला हसू आलं, त्यांनाही. हेडमास्तर चमच्याच्या वासाने नाक वर करून वाट पाहत होता.

"हिरड्या बसतात, आई. सगळ्यांच्याच बसतात. आतून भर घातली की कवळी परत बसते. दोन दिवसांचंही काम नाही."

"माझं राहू दे. आधी त्याचं बघ."

प्राण्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. बाहेर बाकावर सगळी कुत्री-मांजरं. एका बोक्याने हेडमास्तरच्या खोक्याकडे एकदा पाहिलं आणि बाहेर पडेपर्यंत नजर काढली नाही. डॉक्टरांनी कान तपासायचं दिवा लावलेलं नळकांडं त्याच्या तोंडात घातलं, हळूच फिरवलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बघा."

मी डोळा लावला. आत, मागे, जिथे मी पाहिलंच नव्हतं तिथे, खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत कलल्या होत्या आणि जिभेवर जवळजवळ एकमेकींना टेकल्या होत्या. पूल बांधावा तशा. जीभ पुलाखाली अडकली होती. पुढचे चार दात बाहेर शिस्तीत उभे होते.

"ह्यांचे दात जन्मभर वाढतात," डॉक्टर म्हणाल्या. "गवत दळून दळून झिजतात, म्हणून बेतात राहतात. काय खायला देता?"

मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "कुस्करून देते. गाजर, काकडी. सगळं मऊ."

"बऱ्याच दिवसांपासून?"

"हो."

डॉक्टरांनी नळकांडं बाजूला ठेवलं. त्या चांगल्या बाई होत्या, शब्द शोधत होत्या. "मऊ खाणं झिजवत नाही, आजी. मऊ दिलं की दाढा आणखी वाढतात."

"म्हणजे मी वाढवल्या."

"तसं नाही म्हणता येणार. आधी दुखत होतं म्हणून तुम्ही मऊ दिलं असेल. आधी काय झालं, नंतर काय, ते आता कळणार नाही."

ते खरं होतं. मी त्यांच्या जागी असते तरी हेच म्हटलं असतं. पण सासूबाईंनी मऊ दिलं की दाढा वाढतात, एवढंच वाक्य घरी नेलं.

"वजन मात्र छान ठेवलंत," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही. तसे हे प्राणी आजार लपवतात. ज्यांची शिकार होते ते सगळेच लपवतात. कळपात जो आजारी दिसला, तो आधी उचलला जातो."

"मग शहाणा आहे," सासूबाई म्हणाल्या.

गुंगी देऊन त्याच्या दाढा कापल्या, घासल्या. मी तेच काम रोज करते, पण प्लास्टरवर. घरी आल्यावर त्याने गवत ओढलं, आणि एक काडी, एकच, हळूहळू आखूड होत गेली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या कवळीला आतून भर घातली, निळ्या कागदावर चावून घेतलं, कागदाची खूण जिथे उमटली तिथलं टोक घासलं. त्या संध्याकाळी त्यांनी आमच्यासमोर काकडीची फोड कराकरा खाल्ली.

तो आवाज ऐकून हेडमास्तर जाळीपाशी आला. पुढचे पाय टेकून उभा राहिला. सासूबाईंनी त्यालाही एक फोड दिली. त्याने ती धरली, एकदा दात लावला आणि सोडून दिली. मग तिच्याकडे पाहत तिथेच बसला.

सासूबाईंनी तोंडातला घास गिळला, उठल्या, कवळी काढून डबीत ठेवली. पुन्हा त्याच्यादेखत त्या कधी काही चावून खाताना मला दिसल्या नाहीत.

दाढा परत वाढल्या. परत कापल्या. मग जबड्याखाली हाताला एक गाठ लागली, हरभऱ्याएवढी, टणक. डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडावर धरून आम्हाला दाखवला. दाढांची मुळं हाडात घुसली होती आणि तिथे पू धरला होता.

"ह्यांचा पू पातळ नसतो," डॉक्टर म्हणाल्या. "वाहून जात नाही. कापून काढला तरी हाड असं झालंय की..." त्यांनी फोटो खाली ठेवला. "हा बरा होणार नाही. दुखणं थोडं कमी करता येईल. किंवा त्याला शांतपणे जाऊ देता येईल. तुम्ही ठरवा, मी घाई करणार नाही."

नवरा म्हणाला, "बघू."

लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना तो वरून असंच ओरडून सांगतो, बघू हं, बघू. त्यांना धीर येतो. आम्हाला आला नाही.

"बघू काय?" सासूबाई म्हणाल्या. "खाऊ घालू. खातोय ना तो अजून?"

 मला उत्तर माहीत होतं. पण किल्ली माझ्याकडे दिलेली नव्हती. आणि सुनेच्या तोंडून ते निघालं असतं, तर पुढे जन्मभर ते सुनेनेच केलं असं झालं असतं. सासूबाई तसं म्हणाल्या नसत्या, मनात ठेवलं असतं. आमच्या घरात सगळेच मनात ठेवतात.

चमचा गेला, सुई काढलेली सिरिंज आली. औषध, मग पातळ पेज, मग पाणी. सासूबाई प्रत्येक वेळी कवळी काढून बसायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, आता टोचत नाही ना? मग राहू द्या की तोंडात."

"दात घालून बोलले की माझा आवाज त्याला परका वाटतो. कान मागे घेतो बघ. त्याला मी अशीच ठाऊक आहे."

फोनवर चिमणी दिसायची तेव्हा मात्र कवळी आत असायची. सासूबाई हेडमास्तरला कुशीत असा धरायच्या की त्याची हनुवटी त्यांच्या बाहीत लपेल.

"आजी, तो बारीक दिसतोय."

"तुझा फोन बारीक आहे. तुझ्यापेक्षा दुप्पट जेवतो."

"शिट्टी ऐकव ना."

"आता झोपलाय. शाळा सुटली."

"डोळे तर उघडे आहेत त्याचे."

"हेडमास्तर उघड्या डोळ्यांनीच झोपतात. मी नोकरी केलीय, मला सांगू नकोस."

चिमणी हसली. नंतर तिने मला वेगळा फोन केला. मी कारखान्याच्या जिन्यात उभी राहून तिला सगळं सांगितलं, दाढा, गाठ, फोटो.  नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई, त्याला दुखतंय?"

"हो."

"आजीला ते कळतंय?"

"सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं होतं."

"मग आजी म्हणेल तसं करा. तिला म्हणावं मी रागावणार नाही. पण तूही तिला सांगू नकोस गं काय करायचं ते."

मी निरोप सांगितला. सासूबाईंनी ऐकलं आणि पेजेत पाणी घालून ती आणखी पातळ केली.

वजन आता उतरू लागलं होतं. मी मोजत होते, पण आकडा कुणी विचारत नव्हतं. टॉवेलातून तो पूर्वी जड, उबदार, पिठाच्या गोळ्यासारखा लागायचा. आता हाताला कणा लागे. अंगावरचे केस फुलून उभे राहत, त्यामुळे लांबून तो उलट गुबगुबीत दिसे. शेजारीण म्हणाली, "बाळसं धरलंय की." सासूबाईंनी तिला आत बोलावलं नाही. तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसू लागला, आणि जवळ गेलं की दातावर दात घासल्याचा बारीक करकर आवाज येई. तो खाण्याचा नव्हता.

एके सकाळी मी चहाला आले तेव्हा सासूबाई फ्रिजसमोर उभ्या होत्या. त्यांनी दार उघडलं. आत काही शोधलं नाही, काही काढलं नाही. मान तिरकी करून ऐकत राहिल्या. दार लावलं. पुन्हा उघडलं.

पिंजऱ्यातून आवाज आला नाही.

त्यांनी पुन्हा दार लावलं, पुन्हा उघडलं, या वेळी जोरात. आतल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. हेडमास्तरचा कान किंचित वळला. एवढंच. तो ऐकत होता. उठून उभं राहायचं त्याला आता परवडत नव्हतं.

"घंटा झाली," सासूबाई हळूच म्हणाल्या.

नवरा दारात येऊन थांबला होता. त्याने तोंड उघडलं. मला वाटलं आता तो बघू म्हणेल. तो म्हणाला, "आई, दार लाव. गार हवा जातेय सगळी."

त्यांनी दार लावलं. मग आत जाऊन बाहेर जायची साडी नेसल्या, केस विंचरले, डबीतून कवळी काढून तोंडात बसवली. आरशासमोर ओठ दोनदा हलले, पण आवाज आला नाही. "चल," त्या मला म्हणाल्या. कुठे, ते मी विचारलं नाही. मी खोकं काढलं, तळाशी त्यांची जुनी मऊ साडी घातली. कामावर फोन केला. काका म्हणाले, "ये सावकाश, दात कुठे पळतात."

डॉक्टरांकडे त्या दिवशी बाक रिकामा होता. मला तो भरलेला असता तर बरं वाटलं असतं.

टेबलावर डॉक्टरांनी टॉवेल पसरला. हेडमास्तर त्यावर बसला, केस फुलवून, डोळे अर्धे मिटून. डॉक्टरांनी गाठीला बोट लावलं नाही. पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, पाठीवरून एकदा हात फिरवला आणि बाजूला झाल्या.

"आज कशासाठी आलात, आजी?" त्यांनी अगदी साधं विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. टेबलाची पत्र्याची कड गार होती, मी ती धरून उभी होते. त्या काहीतरी बोलू लागल्या, "ह्याला... ह्याला आता तुम्ही..." आणि अडल्या. नव्याने बसवलेली कवळी चांगली बसली होती, एकेक अक्षर खणखणीत निघत होतं. हेडमास्तरने त्या आवाजाने कान मागे घेतले.

त्यांनी ते पाहिलं.

त्यांनी कमरेचा रुमाल काढला. तरुण डॉक्टरांसमोर, उघड्या खिडकीसमोर, माझ्यासमोर, तोंडावर पदर न घेता त्यांनी वरची कवळी काढली, मग खालची. रुमालात गुंडाळून ती माझ्या हातात दिली. ओली होती, तोंडाइतकीच उबदार. मग त्या टेबलावर इतक्या वाकल्या की त्यांच्या तोंडाची वाफ त्याच्या कानावरच्या केसांत हलली.

कान पुढे आला.

त्यांनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला, तो तसाच ठेवून मान वर केली आणि उरलेल्या अक्षरांत म्हणाल्या, "पुरे करा, डॉक्टर."